काटा डावीकडे

माझे मेहुणे सातारा जिल्ह्यात एका पठाराच्या पायथ्याशी असलेल्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते. थोरली बहीण मिरजेच्या एका रुग्णालयात परिचारिका होती. त्यांच्या लग्नाला आठ वर्षे झाली होती आणि त्यांतली सहा वर्षे दोघे दोन जिल्ह्यांत राहत होते. दाजींचा मिरजेला बदली मागणारा अर्ज दर एप्रिलमध्ये वर जायचा आणि दर जूनमध्ये ‘विचाराधीन’ होऊन थांबायचा. अर्जात कारण ‘कौटुंबिक’ असे लिहिलेले असे. कुटुंब सगळ्याच कर्मचाऱ्यांना असल्यामुळे खात्याला त्या कारणात विशेष काही दिसत नसावे.

मी तेव्हा सांगलीच्या एका दैनिकात बातमीदार होतो. नव्वदचे दशक संपत आले होते. पठारावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या होत्या आणि त्यांची लांबलचक पाती घेऊन जाणारे ट्रेलर घाटाच्या वळणावर दोन-दोन दिवस अडकत होते. पायथ्याच्या गावांत त्यांना कोणी पवनचक्की म्हणत नसे. त्यांना ‘पंखे’ म्हणत. एवढ्या उंचावर एवढा मोठा पंखा लावून नक्की कुणाला गार करायचे आहे, हा प्रश्न चहाच्या टपरीवर गंभीरपणे विचारला जाई.

त्याहून मोठे कुतूहल दुसऱ्याच गोष्टीचे होते. लाइन गेली की पंखेही थांबत. वीज तयार करणाऱ्या यंत्राला चालू राहायला लाइनची वीज लागते, ही गोष्ट लोकांच्या पचनी पडत नव्हती. टपरीवर एकजण म्हणाला, “वारं सुटलंय, छपरं उडाया लागल्यात, आन् लाईट गेली म्हनून हा बसून ऱ्हातोय. कसला रं पैलवान ह्यो?”

दाजींना मी हे विचारले तेव्हा ते नियंत्रण कक्षात बसले होते. समोर मीटरची भिंत. त्यांतल्या विजेची वारंवारता दाखवणाऱ्या एका मीटरमध्ये पोलादाच्या बारीक पट्ट्या एका ओळीत बसवलेल्या होत्या, आणि पन्नासच्या आसपासची एखादी पट्टी सतत थरथरत असे. राज्यात विजेची मागणी वाढली की थरथर पन्नासच्या खाली सरके. मागणी घटली की वर.

“पावणं,” दाजी म्हणाले, “भाकरी करनारी आन् खानारी एकाच टायमाला बसल्यात असं समजा. तव्यावरची भाकरी सरळ ताटात पडली पायजे. परडीत ठेवायची सोय न्हाई. जास्त झाली तरी घोळ, कमी पडली तरी घोळ.”

“आणि पंख्यांचं काय?”

“पंख्याचं म्हंजे, भाकरी कवा हुनार हे चुलीलाच ठावं न्हाई.”

तोवर त्या खोऱ्यात हा प्रश्न पाण्याने सोडवला जात होता. राज्याची मागणी वाढली की मुंबईकडच्या नियंत्रण केंद्रातून कोयनेला फोन जाई, पाणी सोडले जाई आणि थरथरणारी पट्टी पुन्हा जागेवर येई. पाणी सांगितल्या वेळी येत असे आणि सांगितल्या वेळी थांबत असे. वाऱ्याला फोन लावायची व्यवस्था नव्हती.

पठारावरच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन मार्चच्या अखेरीस ठरले. त्या भागात वारा खरा सुटतो तो वैशाखानंतर, आणि आषाढात तो माणसाला उभे राहू देत नाही. मार्चमध्ये दुपारनंतर थोडी झुळूक असते. सकाळी अकरा वाजता पठारावर वाळत घातलेले धोतरसुद्धा हलत नाही. पण आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते आणि आयकरातली सवलत त्याच वर्षी पदरात पडायची तर यंत्रे त्याआधी चालू झालेली दिसणे आवश्यक होते. वाऱ्याचे वर्ष आणि आयकराचे वर्ष जुळत नव्हते. दोन्हींपैकी कोणाला थांबायला सांगायचे, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती.

मुहूर्त सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांचा होता. पाहुणे मोठे होते.

आठवडाभर आधी कार्यकारी अभियंता उपकेंद्रात आले. त्यांनी दाजींना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, त्या दिवशी एकही फीडर, म्हणजे गावांकडे जाणारी लाइन, बंद करायचा नाही. पाहुणे अखंड विजेवर बोलणार होते, आणि त्याच वेळी खालची गावे अंधारात ठेवली तर काळे झेंडे निघाले असते. दुसरी, पठाराच्या लाइनवर विजेचा दाब पुरेसा असला पाहिजे. दाब कमी असला की पवनचक्की लाइनला लागतच नाही, आणि मार्चमध्ये उसाला पाणी देणाऱ्या मोटारी चालू असताना दाब कमीच असे.

“म्हणजे मोटारी बंद पाहिजेत, पण फीडर चालू पाहिजे,” दाजी म्हणाले.

“बरोबर,” अभियंता म्हणाले. “ते कसं करायचं ते तुम्ही बघा. तो दिवस नीट पार पडला की तुमचा मिरजेचा अर्ज मी स्वतः हातानं वर नेतो.”

सहा वर्षांत त्या अर्जाला कोणी हात लावतो असे पहिल्यांदाच म्हणाले होते. दाजींनी त्याच संध्याकाळी टपरीवरून मिरजेला फोन लावला. बहिणीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “कागदावर दिलंय का त्यांनी?” मग म्हणाली, “बरं, करा तर खरं.”

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दाजी खालच्या गावात गेले. वार्तांकनासाठी मी आलोच होतो, म्हणून बरोबर गेलो. त्या गावात घरटी एकजण फौजेत आहे किंवा होता. नदीकाठच्या बहुतेक मोटारी निवृत्त फौजींच्या आहेत. दाजी सरळ सुभेदारांकडे गेले. सुभेदार निवृत्त होऊन काही वर्षे झाली होती. गाव त्यांचे ऐकत असे, कारण न ऐकल्यास ते परत सांगत असत. ते ओट्यावर स्टार्टरची पेटी उघडून आत फुंकर मारत बसले होते.

“उद्या तासभर मोटारी बंद ठेवल्या तर बरं हुईल,” दाजी म्हणाले. “अकराच्या सुमाराला.”

“सुमाराला म्हंजे?”

“अकराच. थोडं हिकडं तिकडं चालतंय.”

“फौजेत हिकडं तिकडं चालत न्हाई, ऑपरेटर.”

शेजारी बसलेला एक शेतकरी हसला. “एका तासानं ऊस काय मरतोय व्हय? रोज ह्यो बंद करतोय, उद्या आपन करू. तेवढीच फिट्टंफाट.”

“ह्याच्यात आमाला काय?” दुसऱ्याने विचारले.

“पंखे फिरले तर मला मिरजंला जाता येतंय,” दाजी म्हणाले. “बायकू तिकडं हाय.”

मग सुभेदारांनी स्टार्टरची पेटी बंद केली. “आधी का न्हाई सांगितलं? तेवीस वर्सं आमी हेच केलं. जावा तुमी. हुईल.”

परत येताना दाजी निवांत होते. त्यांचा हिशेब असा होता की निम्मी माणसे विसरतील, काही जण हो म्हणून करणार नाहीत आणि उरलेले जेवणखाण, जनावरे बघत अर्ध्या तासात एकेक करून मोटार बंद करतील. भार हळूहळू उतरेल आणि दाब हळूहळू चढेल. “ही मानसं मला ठावं हायती,” ते म्हणाले. सबंध व्यवस्था गावाच्या बेशिस्तीवर आखलेली होती, आणि बारा वर्षांच्या अनुभवाने ती चूक म्हणता येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकाचा छायाचित्रकार पठारावर गेला. मी उपकेंद्रातच थांबलो. तिथे टेलिफोन होता आणि पठारावर नव्हता तो चहाही होता. पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपनीच्या पठारावरच्या अभियंत्याशी बोलायला फोनची वेगळी लाइन टाकलेली होती. उद्घाटनात चालवायचे पठाराच्या कडेवरचे दोन पंखे अंगणातून दिसत. नवल म्हणजे त्या दिवशी सकाळपासूनच थोडी झुळूक होती. मोटारींमुळे दाब खाली होता म्हणून दाजींनी ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे दाब वरखाली करायची कळ, सर्वांत वरच्या पायरीवर नेऊन ठेवली होती. तेवढ्यावर दोन्ही पंखे चाचणीपुरते लाइनला लागले आणि संथपणे फिरू लागले. पठाराच्या लाइनच्या मीटरवर शून्य मध्यभागी होते. वीज पठारावरून खाली आली की काटा उजवीकडे, खालून वर गेली की डावीकडे. काटा शून्याच्या उजवीकडे केसभर होता. दाजींनी तो मला बोलावून दाखवला.

अकरा वाजता खालच्या गावातल्या ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला.

तो एरवी कधी वाजत नसे. नंतर कळले की सुभेदारांनी सकाळी सहाला रेडिओवर घड्याळ लावले होते, प्रत्येक मोटारीवर एक माणूस उभा केला होता आणि भोंगा हा संकेत ठरवला होता. भोंग्याचा आवाज विरायच्या आत नदीकाठची एकूण एक मोटार बंद झाली होती. गावाच्या इतिहासात लोकांनी सांगितल्या वेळी सांगितलेली गोष्ट केल्याचा हा बहुधा एकमेव प्रसंग होता.

ट्रान्सफॉर्मरची गुणगुण बदलली. दाबाचा काटा उडाला आणि वरच थांबला. पठाराकडचा फोन वाजला. कंपनीचा अभियंता होता. फोन दाजींच्या कानाला असूनही त्याचा आवाज मला ऐकू येत होता.

“दोन्ही मशीन ट्रिप झाल्या. व्होल्टेज एकदम वर गेलं. काय केलंत तुम्ही?”

“आमी काय केलं न्हाई,” दाजी म्हणाले. “गावानं केलं.”

ते बाहेर धावले. टॅप खाली आणायची मोटर अनेक महिने बंद होती, त्यामुळे तो हँडल मारून हाताने उतरवावा लागे. ते हँडल मारत असताना मी त्यांच्या सांगण्यावरून ग्रामपंचायतीत फोन लावला आणि सुभेदारांना बोलावून घेतले. तोवर दाजी धापा टाकत आत आले.

“सुभेदार, निम्म्या मोटारी चालू करा.”

“बाराला.”

“आवं, आत्ता पायजेत.”

“ऑर्डर एका तासाची हाय. मधीच बदलली की मानसं गोंधळत्यात.”

“पंखे बंद पडलं हो.”

“आमच्याकडनं काय चूक झाली का?”

“न्हाई,” दाजी म्हणाले. “तीच तर पंचाईत झाली.”

टॅप उतरला तसा दाब जागेवर आला. पण एकदा ट्रिप झालेले यंत्र दाब काही काळ स्थिर राहिल्याखेरीज पुन्हा लाइनला लागत नाही. तो काळ संपेपर्यंत झुळूक पडली. अंगणातून पाहिले तर दोन्ही पंखे उभे होते. वर पाहुण्यांचे भाषण चालू होते आणि ते लांबवण्याची सूचना त्यांना चिठ्ठीतून गेली होती. त्यांना ती सूचना अवघड गेली नाही.

मुहूर्त जवळ आला तेव्हा पठाराकडचा फोन पुन्हा वाजला. या वेळी अभियंता हळू आवाजात बोलत होता. वारा नाही, यंत्र मोटरसारखे चालवून पाती फिरवतो, दोन-चार मिनिटे तुमच्याकडची वीज घेतो, असे त्याने सांगितले. त्या जातीच्या यंत्राला हे जमते. वाऱ्याने फिरवले तर ते वीज देते, वीज दिली तर ते स्वतः फिरते. आपण त्या क्षणी कोणत्या बाजूला आहोत याबद्दल त्याचा काही आग्रह नसतो.

अकरा वीसला पाहुण्यांनी कळ दाबली. कडेवरचा डावीकडचा पंखा हलला, मग फिरू लागला. आमच्या समोरचा काटा शून्यावरून डावीकडे गेला. खोऱ्यातली वीज डोंगर चढून पंख्याला वारा घालत होती. दाजींनी घड्याळ पाहिले, लॉगबुक ओढले आणि लिहिले: वेळ, दाब, भार, आणि दिशेच्या रकान्यात ‘डावीकडे’. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी ‘पवनचक्की उपकेंद्राच्या विजेवर फिरवली’ असे लिहिले आणि सही केली.

पाहुण्यांसमोर पंखा थांबवता येत नव्हता, त्यामुळे दोन-चार मिनिटांची चाळीस झाली. बारा वाजता भोंगा पुन्हा झाला. सगळ्या मोटारी एकाच वेळी सुरू झाल्या, दाब खाली बसला आणि पंखा थांबला. तोवर पाहुणे मांडवात पाठमोरे बसून जेवत होते. दाजींनी तेही लिहिले.

कार्यकारी अभियंता चार वाजता खाली आले. ते खुशीत होते. लॉगबुकाचे पान वाचून होईपर्यंत ते तसेच राहिले.

“हे काय आहे?”

“झालं ते हाय, साहेब.”

“मीटर चुकतं कधी कधी.”

“चुकतंय की. तुमी खाली लिवा मीटर खराब म्हनून, आन् सही करा. मी पुढचं रीडिंग घेतो.”

अभियंत्यांनी पेन काढले. थोडा वेळ हातात धरले आणि परत खिशाला लावले. लॉगबुकाच्या पानांवर छापील क्रमांक होते, त्यामुळे दुसरा उपायही नव्हता. जाताना ते म्हणाले, “तुमचा अर्ज माझ्याकडं आहे, लक्षात आहे ना?”

“सहा वर्सं लक्षात हाय, साहेब.”

यात दाजींनी सत्याची बाजू घेतली असे कोणाला वाटेल, तर तसे नव्हते. महिन्याच्या शेवटी दोन्ही टोकांच्या मीटरचा ताळा लागतो. तो लागला नाही तर स्पष्टीकरण ऑपरेटरला द्यावे लागते, कार्यकारी अभियंत्याला नाही. एवढेच त्यांच्या डोक्यात होते. कार्यकारी अभियंता गेल्यावर दाजींना कळले की आपण मिरज घालवली.

माझी बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आली. ‘अकरा वाजून वीस मिनिटांनी कळ दाबताच पाती फिरू लागली’ असे मी लिहिले होते. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. ‘वाऱ्यापासून वीज खोऱ्यात उतरली’ हे शीर्षक मी दिलेले नव्हते, पण मी त्याला हरकतही घेतली नाही. काटा डावीकडे गेल्याचे मी लिहिले असते तर दाजी अडचणीत आले असते, असे मी स्वतःला सांगितले. दाजींनी अंक वाचला आणि घडी घालून परत दिला.

“पावणं, तुमच्यात शेऱ्याचा रकाना नसतोय वाटतं.”

जूनमध्ये अर्जाबद्दल काही आले नाही. ‘विचाराधीन’ हा शब्दसुद्धा आला नाही. आषाढात मात्र वारा आला. पठारावरचे सगळे पंखे रात्रंदिवस फिरू लागले आणि उलटीच अडचण उभी राहिली. पावसाने शेते भरलेली, मोटारी बंद, खोऱ्यात वीज वापरायला कोणी नाही. दाब वर चढे, यंत्रे धडाधड ट्रिप होत आणि कंपनीचा माणूस फोनवर ओरडे. दाजी पुन्हा सुभेदारांकडे गेले. मी त्या आठवड्यात तिकडेच होतो.

“मोटारी चालू करा म्हनून सांगायला आलोय,” दाजी म्हणाले.

सुभेदार पोत्याची खोळ घेऊन दारात उभे होते. अंगणातून पाणी वाहत होते. “पानी सोडू कुठं? डोक्यावर?”

“नदीतनं उचला आन् वढ्यात सोडा. वढा नदीलाच मिळतोय.”

सुभेदारांनी विचार केला. “म्हंजे नदीचं पानी नदीत.”

“व्हय.”

“मार्चात पानी पायजे हुतं तवा बंद करायला लावलं. आता बुडाया लागलोय तर चालू करा म्हनताय.” ते आत वळून ओरडले, “आगं, ऐकलं का? सरकारचं डोकं बघ.” मग दाजींना म्हणाले, “करू. पन ह्या टायमाला कसं पायजे ते नीट सांगा.”

दाजी मार्चमध्ये शिकले होते. सुभेदारांनी मोटारींच्या पाच तुकड्या केल्या आणि तुकड्या एकामागून एक, मध्ये थोडे अंतर ठेवून सुरू होऊ लागल्या. त्या पावसाळ्यात पठारावरची यंत्रे लाइनवर टिकली ती या तुकड्यांमुळे. कंपनीच्या वार्षिक अहवालात याचे श्रेय नव्या नियंत्रण प्रणालीला दिलेले मी नंतर वाचले. एका अर्थाने ते बरोबर होते.

बदलीचा आदेश भाद्रपदात निघाला. ‘प्रशासकीय कारणास्तव’ दाजींना सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका उपकेंद्रात टाकले होते. तिथे पाऊस नव्हता, टपरीवरचे बोलणे निम्मे कानडीत चाले आणि ज्याला शिक्षा द्यायची त्यालाच तिकडे पाठवायची खात्यात पद्धत होती. सहकाऱ्यांनी दाजींना निरोप देताना हार घातला आणि सांत्वन केले. कार्यकारी अभियंत्यांनी नकाशा पाहिला नसावा. त्या उपकेंद्रापासून मिरज एसटीने दोन-अडीच तासांवर होती. पठाराखालून तीच वाट जवळपास अर्ध्या दिवसाची होती.

नवा ऑपरेटर रुजू झाला तेव्हा त्याने विचारले की आषाढात भार कसा सांभाळता. दाजींनी त्याला ग्रामपंचायतीचा फोन नंबर दिला. त्याला ती थट्टा वाटली.

पूर्वेकडे गेल्यावर पहिल्याच शनिवारी दाजी मिरजेला आले. मी रविवारी संध्याकाळी सांगलीहून गेलो. बहीण ड्यूटीवरून नुकतीच आली होती आणि पाय वर घेऊन बसली होती. जेवणे झाल्यावर दाजींनी कोरा कागद काढला. आता अंतर कमी झाले आहे, मिरजेसाठी नव्याने अर्ज केला तर लवकर होईल, असे त्यांचे म्हणणे होते. तारीख घालून ‘विषय’पर्यंत ते आले होते.

बहिणीने तो कागद त्यांच्या हातातून घेतला आणि उलटा करून ठेवला.

“अर्ज नका करू,” ती म्हणाली. “सहा वर्सं अर्ज केला तर जाग्यावरनं हालला न्हाई तुमी. एक वळ खरी लिवली तर सहा महिन्यांत निम्म्या वाटंवर आला. आता तिकडं काय वाकडं दिसतंय का बघा, आन् दिसलं की लिवा.”

दाजींनी पेनाला टोपण लावले. सोमवारी पहाटे त्यांना पाचची एसटी धरायची होती, म्हणून ते तसेच आडवे झाले.